वाजवणं थांबवायचं नाही

धरणगाव,
गुरुवार, १० एप्रिल २०२५

भाऊ,

मोठ्या भावाला पत्रात 'तीर्थरूप' लिहायचं असं शाळेत शिकवलं होतं. तुला तसं लिहिलं तर पुढचं न वाचता फाडून टाकशील, म्हणून नुसतं भाऊ. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकताच कट करतोस. म्हणून हे पत्र नूर महंमदचाचांच्या हाती देते आहे. ते लेकीकडे, नाजमीनकडे, सुरतला येताहेत. चाचांना तू नाही म्हणणार नाहीस. त्या दिवशी तुला मोटारसायकलवर मध्ये धरून जळगावच्या दवाखान्यात त्यांनी नेलं होतं. मी नव्हतं नेलं, ते मला माहीत आहे, सुनावायची गरज नाही.

कारण असं की काल कोर्टाचा समन्स आला. २३ जूनला मला साक्षीला बोलावलं आहे. तुलाही आला असेल. आबांनी तो वाचला, घडी घातली आणि आपल्या बेंजोपार्टीच्या वाद्यांच्या पेटीत ठेवून वर कुलूप लावलं. मला म्हणाले, "पोलिसले जे सांगेल शे तेच तठे सांगानं. माले काही दिसनं नही. बस."

आणि भाऊ, खरंही तेच आहे. मला काही दिसलं नाही. जनरेटर माझ्या कानाशी होता, पुढे धूळ होती, मी गात होते. तू कोर्टात एवढंच सांग की सारिका गाडीवर होती, तिला दिसणं शक्यच नव्हतं. माझ्यासाठी एवढं कर.

आता तू म्हणशील, तुझ्यासाठी मी अजून काय काय करू? बरोबर आहे. मला गाणं तूच शिकवलंस. शिकवलंस म्हणजे बडवून काढलंस. मी आठ वर्षांची होते, आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, झोका बांधला होता, आणि मी शेजारच्या बेबाबाईंच्या बकरीवर गाणं जुळवून झोक्यावर म्हणत होते. बेबाबाई खराटा घेऊन धावल्या. पाठीवर दोन बसले. तू पळत आलास तेव्हा मला वाटलं सोडवायला आलास. तू तिसरा ठेवून दिलास आणि माझ्या गाण्याची ओळ धरून म्हणालास, "दुसरी ओय तालमा बसत नही."

त्या संध्याकाळी तू मला वही आणून दिलीस. तेव्हापासून रोज शाळा सुटली की तू बेंजोवर आणि मी समोर. डाव्या हाताने तू बटणं दाबायचास, उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायचास, आणि मी ताल सोडला की तीच पत्ती माझ्या बोटांच्या पेरांवर. एकदा मी तुझ्या उजव्या मनगटाचा चावा घेतला, रक्त येईपर्यंत सोडलं नाही. तू ओरडला नाहीस. दुसऱ्या हाताने माझे केस धरलेस आणि डोकं भिंतीवर आपटलंस. दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलास आणि विचारलंस, "जेवनी का?" तुझी माफी तेवढीच असायची. मी नेहमी 'नाही' म्हणायचे, मग आपण एका ताटात जेवायचो.

आपल्या घरात हात सगळ्यांचेच चालतात, त्यात नवल नाही. पण आबांचा नियम आठवतो ना? एरंडोलकडच्या त्या लग्नात, मी नऊ वर्षांची असेन. नाचणाऱ्यांत चाकू निघाला. कुणीतरी फेकलेली बाटली आबांच्या भुवईवर फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, तरी त्यांनी ट्रम्पेट तोंडापासून काढलं नाही. नंतर टाके घालून घेताना आपल्याला सांगितलं होतं, की मारामारी लागली की वाजवणं थांबवायचं नाही. बँड थांबला की सगळे वळून बघतात, दोघांचं भांडण दोनशेंचं होतं. वाजत राहिलं तर नाचणारे नाचत राहतात आणि भांडण दोघांतच विझतं. आपल्या आजोबांनी एकदा घाबरून थांबवलं होतं, तर एका माणसाचा डोळा गेला. हे तुलाही पाठ आहे. मग त्या दिवशी मी नियम पाळला, यात माझं काय चुकलं?

उत्तर चाचांजवळ दे.

सारिका

धरणगाव,
शुक्रवार, २ मे २०२५

भाऊ,

चाचा परवा आले. म्हणाले, साडीच्या गोदामाच्या फाटकाशी वॉचमनच्या खुर्चीत बसून तू पत्र दोनदा वाचलंस. मी विचारलं, मग काय म्हणाला? चाचांनी आधी चहा संपवला. शेवटी म्हणाले, "बेटा, तो इतकंच बोलला. तिले सांग, तुना गानामाईन मना हात काढी ले."

मी काय केलं ऐक. समोरची परात उचलली आणि भिंतीवर फेकली. चाचांच्या कपाळाला लागता लागता राहिली. एका आईची पोरं आपण, राग काही तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही.

हात तुझा, मान्य. गाणं माझं आहे. तुझ्या हातावर दुसरं ऑपरेशन चालू होतं तेव्हा जळगावच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून, औषधाच्या चिठ्ठीच्या मागे मी ते लिहिलं.

मना भाऊना हात वाजस, गाव बठ्ठं नाचस,
मना ताल चुकना तर भाऊ कान मना खेचस.

आज हे गाणं वाजल्याशिवाय आपल्याकडे नवरदेवाला हळद लागत नाही. धुळ्याच्या रिक्षात वाजतं, जळगावच्या कॉलेजात गॅदरिंगला पोरी त्याच्यावर नाचतात. मी चोपडा, पारोळा, शिरपूर, सगळीकडे स्टेजवर गाऊन आले. माझा आवाज ऐकून 'हातवाली ताई' म्हणत बायका आपल्या दारात पोरी घेऊन येतात. बकरीवर गाणं जुळवणाऱ्या पोरीला हे मिळालं. ओळखीच्या एका माणसाने स्टुडिओ मिळवून दिला, बाकी मी माझ्या गळ्यावर मिळवलं. आणि तू म्हणतोस हात काढून घे. मग गाण्यात उरतं काय?

त्या दिवसाचंही एकदा लिहूनच टाकते, म्हणजे तुझ्या मनात काही राहायला नको. फैजपूर, मे २०२३. सकाळचे अकरा, नवरदेवाला लग्नाआधी मारुतीच्या पारावर नेत होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी बँडच्या गाडीवर माइक घेऊन, तू शेजारी बेंजोवर, चाचा तालाच्या पॅडवर, आबा पुढे. त्या दिवशी आपण पहिल्यांदा माझं स्वतःचं गाणं वाजवलं, आखाजीच्या झोक्याचं. दुसऱ्या कडव्याला लोकांनी खिशातून फोन काढले आणि माझ्याकडे धरले. तू बेंजो वाजवता वाजवता माझ्याकडे बघून हसलास. इतक्या वर्षांत तू मला गाताना बघून हसलेला मला दुसरा दिवस आठवत नाही.

तेवढ्यात नवरदेवाचा मोठा भाऊ, तो ज्ञानेश्वर, गाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढला आणि माझं मनगट धरलं. "खाले उतर, नाच." मी हिसका दिला, त्याने आणखी ओढलं. बांगड्या फुटल्या, काचा हातात शिरल्या. तू बेंजो सोडलास आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्याच्या कानाखाली लावलीस, उजव्या हाताने. त्याचा गॉगल उडून नाचणाऱ्यांच्या पायांखाली गेला. मग चार-पाच जणांनी तुला खाली ओढलं आणि गाडीमागे, जनरेटरच्या बाजूला नेलं. आबांनी पुढून वळून हात फिरवला. वाजाडी राहय, थांबू नको.

चाचांनी पॅड वाजवलं. मी गायले. मागे काय झालं ते मला दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही. बास, एवढंच.

सारिका

ता. क. आईने तुझा बेंजो तिच्या जुन्या लुगड्यात बांधून कपाटावर ठेवला आहे. मला हात लावू देत नाही.

धरणगाव,
सोमवार, १९ मे २०२५

भाऊ,

यावेळी तू चाचांजवळ निरोप दिला नाहीस. फक्त विचारलंस म्हणे, "तो ओयखना मानूस कोन?" म्हणजे स्टुडिओ कुणी मिळवून दिला ते तुला माहीत आहे. सुरतच्या पोरांच्या फोनवर गाणं तूही पाहिलं असशील, खाली चॅनलचं नाव लिहिलेलं असतंच.

लिहिते.

तुझं पहिलं ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले होते. ज्ञानेश्वर त्याच्या काकाला, झिपरू नानांना, घेऊन आपल्या घरी आला. येताना केळीचा अख्खा घड आणला होता, पाहुण्यासारखा ओट्यावर टेकवून ठेवला. झिपरू नाना आबांना म्हणाले, "पोरेसनं भांडन शे, वाढवू नका. लगन-हयदना कामं आमनाच गावेसमा शेत तुमले." म्हणजे केस चालवलीत तर आमच्या भागात बेंजोपार्टी वाजू देणार नाही. आबा खाली मान घालून बसले होते. मग ज्ञानेश्वर माझ्याकडे वळला. जळगावला त्याच्या मित्राचा स्टुडिओ होता, त्याचं स्वतःचं चॅनल होतं. म्हणाला, पोरीचा गळा चांगला आहे, गाणं लिहिते म्हणे, वरातीत कशाला मरते, आपण रेकॉर्ड करू. फक्त पोलिस जबाब घ्यायला येतील तेव्हा बाईने उगाच काही बघितलं म्हणून सांगू नये.

आबांनी मला भरीला घातलं असं तू समजत असशील. सगळे तसंच समजतात, मीही तसंच सांगत आले. आबा काही बोलायच्या आत मी हो म्हटलं होतं.

ते लोक गेल्यावर आईने माझ्या तोंडात मारली. एक नाही, हात दुखेपर्यंत मारत राहिली. मग विळा घेतला, तो केळीचा घड ओट्यावरच तोडून तोडून फोडला आणि उकिरड्यावर नेऊन टाकला. त्या दिवसापासून आई आबांशी बोलत नाही. माझ्याशी बोलते, पण नुसतं कामापुरतं.

आणि गाण्याचं शूटिंग झालं ना, तेव्हा ज्ञानेश्वर आला होता. 'मना भाऊना हात वाजस' वर तो पोरांबरोबर नाचला. कुणाचा हात ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे बघून त्याने उजवा हात वर करून हलवला. कॅमेरावाला म्हणाला, मस्त, हे ठेवू. व्हिडिओत ते आहे, भाऊ. तू ते पाहिलंस का? पाहिलं असशील तर माझा नंबर बंद केलास तेच बरं केलंस.

१ जूनला धुळ्याला मोठा कार्यक्रम आहे, अहिराणी गाण्यांचा. पहिल्यांदाच पोस्टरवर माझं एकटीचं नाव मोठं आहे. तो कार्यक्रमही ज्ञानेश्वरचाच. मी जाणार आहे.

सारिका

धरणगाव,
रविवार, ८ जून २०२५

भाऊ,

पालथी पडून लिहिते आहे, अक्षर लावून घे. कपाळावर पाच टाके आहेत आणि पाठ टेकवता येत नाही. टाके धुळ्याचे, पाठ आबांची.

धुळ्याचं मैदान संध्याकाळी सहालाच भरलं होतं. मी 'भाऊना हात' सगळ्यात शेवटी घेते, पण लोकांनी ऐकलं नाही, तिसरंच ते गावं लागलं. पहिलं कडवं झालं आणि डाव्या बाजूला, खुर्च्यांच्या मागे, मारामारी लागली. चौघं मिळून एका पोराला मारत होते. निळा शर्ट घातलेला एकजण त्याच्या छातीवर बसून लोखंडी खुर्ची त्याच्या तोंडावर आपटत होता. पुढचे लोक हात वर करून नाचत होते. चाचा पॅडवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने जोर वाढवला. मीही श्वास घेतला, आवाज चढवायला.

आणि तो पोरगा ओरडला. काय ओरडला ते कळलं नाही. मी माइक तोंडापासून खाली घेतला. मी हात वर केला. चाचा थांबले. सगळं थांबलं.

भाऊ, बँड थांबल्यावर मार कसा ऐकू येतो ते मी पहिल्यांदा ऐकलं. खुर्चीचा आवाज सगळ्या मैदानाला आला. मी माइकवर म्हटलं, "निळा शर्ट, हात खाली कर. सगळे बघा, तो काय करतोय." ज्ञानेश्वर बाजूने स्टेजवर धावत आला, माझ्या मानेला मागून धरलं आणि कानात म्हणाला, "गा. गा नाहीतर मुंडी मुरगायसू." मी त्याच्या अंगठ्याला चावले. मला दुसरं काय येतं?

आबा खोटं सांगत नव्हते, हेही लिहायला पाहिजे. चौघांचं भांडण शंभरांचं झालं. खुर्च्या उडाल्या, त्यातली एक माझ्या कपाळावर आली. सात-आठ जण दवाखान्यात गेले. पण लोक वळले म्हणूनच त्या पोराला दोघा बायांनी ओढून बाहेर काढलं. त्याचा जबडा मोडला आहे, जगला.

घरी आले तर आबा ढोलाची काठी घेऊन दारातच होते. "कसाले थांबनी? कसाले थांबनी तू?" प्रत्येक फटक्याला तेच. आई मध्ये पडली, तिच्या खांद्याला लागली. मी ओरडले नाही. शेवटी काठी मोडली आणि आबा उंबऱ्यावर बसून फैजपूरचं आठवून रडायला लागले. म्हणाले, "तुना भाऊना येले मी हात फिरवा व्हता, माले माहीत नही का?"

आता जे लिहायचं ते लिहिते.

मला ऐकू आलं होतं. जनरेटर होता, पॅड होतं, तरी आलं. तू 'सारे' म्हणून हाक मारलीस. एकदा नाही, तीनदा. सारे म्हणून मला तुझ्याशिवाय कुणी हाक मारत नाही. मी वळून पाहिलं. दोघांनी तुला गाडीच्या मागच्या लोखंडी पट्टीवर दाबून धरलं होतं, तुझा उजवा हात पट्टीवर पसरला होता, आणि ज्ञानेश्वरच्या हातात जॅकचा दांडा होता. पहिला घाव बसला तेव्हा मी बघत होते. तुझं तोंड माझ्याकडे होतं. तुला माहीत आहे की मी पाहिलं. म्हणूनच तू दोन वर्षं बोलला नाहीस, मी किती मूर्ख, तुलाच सांगत होते की मला दिसलं नाही.

मग मी पुढे वळले आणि आवाज चढवला. दुसरा आणि तिसरा घाव मी पाहिला नाही, ते मी माझ्या आवाजाने झाकले.

आबांचा नियम होता, खरं आहे. पण मी नियमासाठी गायले नाही. माझ्यासमोर पन्नास फोन होते आणि ते सगळे माझ्याकडे, माझ्याच गाण्यासाठी धरले होते. थांबले तर ते खाली जातील, एवढंच डोक्यात होतं. आणि भाऊ, आणखी एक. तो हात माझ्या पेरांवर किती वेळा पडला होता. पहिला घाव बसला तेव्हा क्षणभर, पापणी लवते तेवढा वेळ, मला बरं वाटलं. माझ्यासाठीच तू त्याला मारलं होतंस, हे माहीत असून बरं वाटलं.

मी तुला माफ कर म्हणणार नाही. ते म्हणायला मला तोंड नाही. २३ तारखेला ये. तुला ऐकायला यावं लागेल.

सारी

धरणगाव,
मंगळवार, २४ जून २०२५

भाऊ,

काल आपण भेटलो तरी लिहिते आहे. सवय लागली, आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली. ती शेवटी सांगते, आधी तू नसताना काय झालं ते.

सकाळी आबांनी पेटीचं कुलूप उघडून समन्स माझ्या हातात दिला. ते आले नाहीत. ओट्यावर बसून राहिले, पण निघताना त्यांनी माझ्या चपला सरळ करून ठेवल्या होत्या. मी चाचांच्या घरी गेले तर मदिनाचाचींनी डबा बांधून दिला, आणि चाचा आणि मी कोर्टासाठी यावलच्या गाडीत बसलो.

तू कोर्टात मागच्या बाकावर होतास, उजवा हात खिशात. माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा ज्ञानेश्वर समोर पांढऱ्या शर्टात बसला होता, अंगठ्याला अजून पट्टी. तो हसला. त्याला वाटलं असेल, पोरीला धुळ्याची अक्कल आली.

मी सगळं सांगितलं. पट्टी, दांडा, कोण कुठे धरून होता, आणि तीन हाका. तू ऐकत होतास, पुन्हा लिहीत नाही. त्याचा वकील उठला तेव्हा मी पिंजऱ्याचं लाकूड धरून उभी होते.

"तुम्ही त्या वेळी माइकवर गात होता ना?"

"हो."

"शेजारी जनरेटर चालू होता ना?"

"हो."

"मग तुम्हाला हाका ऐकू कशा आल्या?"

"ऐकू आल्या, म्हणूनच आवाज चढवला."

वकिलाने टेबलावरची फाइल उघडली. मग पोलिसांचा कागद काढून माझाच जबाब मला वाचून दाखवला. मला काही दिसले नाही. खाली माझी सही.

"दोन वर्षांपूर्वी हे का सांगितलं नाहीत?"

"तेव्हा मला गाणं पाहिजे होतं."

टाइप करणाऱ्या बाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जजसाहेबांनी तिला लिहून घ्यायला सांगितलं. मी मागे पाहिलं तर तुझा हात खिशातून बाहेर आला होता, बाकाच्या पाठीवर होता.

बाहेर कडुलिंबाखाली तू माझी वाट बघत उभा होतास. मला वाटलं काही बोलशील. तू डाव्या हाताने अशी सणसणीत लगावलीस की ओठ दातात फुटला. चाचा धावले, त्यांना मी अडवलं. तू एसटी स्टँडकडे चालू लागलास. मी ओढणीने ओठ दाबून तिथेच पायरीवर बसले. सुजला आहे, या आठवड्यात काही गाता येणार नाही. तसंही कुणी बोलावलेलं नाही. काल संध्याकाळपर्यंत माझं गाणं चॅनलवरून गेलं, जूनअखेरच्या तिन्ही तारखा लोकांनी रद्द केल्या, आणि रात्री कुणीतरी खिडकीची काच फोडली. आईने काचा गोळा केल्या आणि दोन वर्षांनी आबांना पहिल्यांदा हाक मारली, केरसुणी धरायला.

स्टँडकडे गेलेला तू दहा मिनिटांनी परत आलास.

स्टँडसमोरच्या हॉटेलात शेवभाजी इतकी तिखट होती की ओठाची आग आग झाली. तू डाव्या हाताने खात होतास. मी पोळीचा तुकडा मोडून द्यायला गेले तर हात झटकलास, रस्सा माझ्या ओढणीवर. उजवा हात टेबलावर होता. दोन बोटं आत वळलेली, वर ऑपरेशनचे वण, आणि मनगटावर माझ्या दातांची खूण. ती अजून आहे. इतक्या सगळ्यात ती कशी वाचली, मला कळेना.

मी म्हटलं, गाणं काढतीलच ते आता, तुझा हात निघाला म्हण गाण्यातून. तू पाणी प्यायलास आणि म्हणालास, "नवं लिख. पन बठ्ठं लिख."

सगळं लिहायला घेतलं आहे. पहिल्या दोन ओळी तशाच ठेवल्या, पुढे दांडा आणि तीन हाका आल्या. माझा आवाजही आला. ताल दुसऱ्या ओळीतच सुटतो आहे, आणि इथे पेरांवर मारायला कुणी नाही. चाचा पुढच्या आठवड्यात येतील, त्यांच्यासोबत कागद पाठवते. कपाटावरचं गाठोडं आईने कालच खाली काढलं. तेही त्यांच्याबरोबर पाठवू का, ते कळव. नको असेल तर नको म्हण, मी परात फेकणार नाही.

आता राहिलेली गोष्ट. तू लिंबाखाली परत येऊन माझ्यासमोर उभा राहिलास आणि विचारलंस, "जेवनी का?" मी 'नाही' म्हटलं. भाऊ, मदिनाचाचींचा अख्खा डबा मी गाडीतच संपवला होता. भीतीने मला भूक लागते, तुला माहीत आहे. पिंजऱ्यात शपथ घेऊन सगळं खरं बोलले आणि बाहेर येऊन तुझ्याशी पहिलं खोटं बोलले ते हे.

तुझी,
सारी